जमीन नसलेल्यांनी मातीचं प्रोफेसर कसं व्हायचं (ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी)

दर वर्षी बारावीचा रिझल्ट लागला की आमच्या कळव्याच्या सोसायटीत कोणीतरी बेल वाजवतंच, आई पुढे, मुलगा नाहीतर मुलगी मागे मोबाईलमध्ये डोकं घालून, आणि प्रश्न ठरलेला, "काका, तुम्ही ते शेतीच्या कॉलेजात प्रोफेसर आहात ना, तिकडे नेमकं जातात कसं हो?" इतकी वर्षं तोंडी सांगत आलो, आता एकदाच टाइप करून ठेवतो, पुढच्या वेळी चहा उकळेपर्यंत वाचून होईल.

आधी माझं सांगतो म्हणजे कोणाला वाटायला नको की गावाकडे वाडा आणि दहा एकर ऊस असलेला माणूस बोलतोय. वडील रेल्वेत, घर दोन खोल्यांचं, जमीन म्हणाल तर खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीतली. शेत बघायचं म्हणजे मे महिन्यात दिव्याच्या पुढे मामाकडे जायचं, तिथे खाडीच्या कडेला त्यांची थोडी भातजमीन होती. त्या जमिनीनेच मला या धंद्यात ओढलं, ते पुढे येईलच.

पहिलं काम म्हणजे नावाचा घोळ मिटवून घ्या. कृषी रसायनशास्त्र म्हटलं की लोकांच्या डोक्यात फवारणीचा पंप येतो. माझे सासरे लग्नानंतर कितीतरी वर्षं मला औषधवाला समजत होते, एकदा फोन करून झुरळांवर काय मारू विचारलं. महाराष्ट्रातल्या कृषी विद्यापीठांत आमच्या विभागाचं पूर्ण नाव 'मृदविज्ञान व कृषी रसायनशास्त्र', पोरं त्याला नुसतं सॉइल म्हणतात. यात माती, पाणी, खतं, शेणखत-कंपोस्ट, पिकानं काय उचललं आणि जमिनीत काय उरलं हा सगळा हिशोब येतो. कीटकनाशकांच्या रसायनशास्त्राचा विषय वेगळा, त्याला अ‍ॅग्रिकल्चरल केमिकल्स म्हणतात आणि दिल्लीच्या पुसा इन्स्टिट्यूटमध्ये त्याचा वेगळा विभाग आहे. बायोकेमिस्ट्री आणखी तिसरी. फॉर्म भरताना हे तीन सारखेच वाटतात आणि एकदा चुकीच्या विषयात एमएस्सी झाली की पुढे प्रत्येक जाहिरातीत 'संबंधित विषयातील पदवी' या ओळीवर अडकायला होतं, माझ्या बॅचचा एक जण अजून कोणाकोणाला समजावत बसलाय की त्याचा विषय संबंधित कसा आहे ते.

नाव तसं जुनं आहे. इंग्रज सरकारनं १८८९ मध्ये व्होल्कर नावाचे केमिस्ट इथली शेती बघायला पाठवले, नंतर १८९२ मध्ये लेदर नावाचे कृषी रसायनशास्त्रज्ञ नेमले गेले, म्हणजे आपल्याकडे सरकारी शेतीसंशोधनाच्या सुरुवातीलाच केमिस्ट बसलेला आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान, तेही मुळात केमिस्ट. त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या एका गावाचा घरटी हिशोब मांडला, कोणाची जमीन किती, तिचे तुकडे किती, डोक्यावर कर्ज किती, आणि तो १९१७ साली छापून आला. आज तिथे टॉवर आणि मॉल आहेत, पण त्या काळचं तिथलं काही शोधायचं असेल तर लोक अजून मानसाहेबांचंच काम उघडतात. एकच गाव धरलं म्हणून. हे लक्षात ठेवा, कारण माझा पुढचा सगळा सल्ला याच्यावरच आहे.

तो सल्ला आत्ताच सांगून टाकतो. एक जमीन धरा. म्हणजे विकत घ्या असं नाही, ठाण्यात राहून जमीन विकत घ्यायला आपण काय बिल्डर आहोत का. एका प्रकारची माती, एक प्रश्न, आणि त्याच्या तारखेसकट नोंदी. खारवट घ्या, जांभी घ्या, वरकस घ्या, काळी घ्या, पण घेतली की सोडू नका. आमच्याकडे अशी माणसं आहेत ज्यांचे ५० पेपर आहेत आणि पन्नासही वेगळ्या गोष्टीवर, मुलाखतीत विचारलं "तुमचं काम कशावर आहे" तर उत्तर द्यायला पाच मिनिटं लागतात.

बारावी ते बीएस्सी

बारावी सायन्स, मग एमएचटी-सीईटी, मग कृषीची वेगळी प्रवेश प्रक्रिया. बायो असलं काय, मॅथ्स असलं काय, दोन्हीवाले येतात. आपल्याला एक तोटा आहे तो आधीच सांगतो, ज्यांच्या घरी सातबारा आहे त्यांना मेरिटमध्ये वेटेज मिळतं आणि आपल्याकडे सातबाराच्या जागी सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, तर ते मार्क सीईटीतून भरून काढावे लागतात. नियम आणि टक्के दर वर्षी हलतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून बघा, कोणाच्या चुलतभावानं काय सांगितलं त्यावर जाऊ नका.

राज्यात कृषी विद्यापीठं चार. राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी आणि दापोली दोन्ही १९७२. ठाणे, पालघर, रायगडपासून खाली सिंधुदुर्गपर्यंतचा पट्टा दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे येतो. विद्यापीठाची स्वतःची घटक कॉलेजं असतात आणि भरपूर खाजगी संलग्न कॉलेजंही. ज्याला प्रोफेसर व्हायचंय त्यानं घटक कॉलेजसाठी जीव तोडावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तिथे प्रक्षेत्र म्हणजे प्रयोगाचं शेत असतं, चालू प्रयोग असतात, एमएस्सी-पीएचडीची पोरं लॅबमध्ये रात्री आठपर्यंत असतात आणि त्यांच्यामागे फिरून निम्मं काम नुसतं बघून येतं. खाजगीत गेलात तर निदान आयसीएआरची (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची) मान्यता आहे का ते आधी तपासा, नाहीतर पुढे देशपातळीच्या प्रवेशात दार लागतं.

दापोलीला जायचं म्हणजे कोकण रेल्वेनं खेडला उतरा आणि तिथून एसटी धरा. पावसाळ्यात कपडे आठवडाभर वाळत नाहीत, ही तयारी ठेवा.

बीएस्सी चार वर्षांची, आठ सेमिस्टर, सगळा खेळ ओजीपीएचा, म्हणजे दहापैकी एकूण ग्रेड सरासरीचा. पहिल्या वर्षी पोरं मजा करतात आणि ओजीपीए सहा-साडेसहावर बसतो, मग तो वर काढायला उरलेली तीन वर्षं जातात, म्हणून पहिल्या सेमलाच जोर लावा. सातव्या सेमला रावे (ग्रामीण कृषी कार्यानुभव) असतं, गावात राहून शेतकऱ्याबरोबर काम करायचं. शहरातली पोरं रावेला कंटाळतात, फोटो काढून रिपोर्ट भरतात. मी उलट सांगेन, रावेतच तुमची जमीन शोधा. गावातल्या २५-३० शेतांचे नमुने घ्या, कोणी सांगितलं नसलं तरी, आणि ते पुढच्या वर्षी परत घ्या.

ठाण्यात बीएस्सी केमिस्ट्री करून नंतर इकडे वळणारे पण विचारतात. विद्यापीठांत सॉइलच्या एमएस्सीला कृषी शाखेची पदवी लागते, केमिस्ट्रीच्या पदवीवर थेट दार नाही. तुम्हाला बीएआरसी, खत कंपन्या, अन्नातल्या रेसिड्यूच्या लॅब असे रस्ते आहेत आणि ते वाईट नाहीत, पण कृषी विद्यापीठाची खुर्ची हवी असेल तर बारावीनंतरच वळण घ्यावं लागतं. हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण केमिस्ट्रीवाल्यांचा हात ब्युरेटवर आमच्या पोरांपेक्षा चांगला बसलेला असतो.

एमएस्सी, आणि माझी फजिती

एमएस्सीला दोन रस्ते. राज्याच्या सीईटीतून चारपैकी एका विद्यापीठात, किंवा आयसीएआरच्या परीक्षेतून देशात कुठेही, दिल्ली, लुधियाना, कोइमतूर वगैरे, वर नंबर लागला तर फेलोशिप पण. दुसरा रस्ता जमला तर नक्की घ्या, बाहेरचं एक विद्यापीठ बघितलेला माणूस मुलाखतीत वेगळा दिसतो. पण गाइड कोण मिळतोय हे विद्यापीठाच्या नावापेक्षा मोठं. गाइड निवडताना त्याचे पेपर मोजत बसू नका, लॅबमध्ये जाऊन त्याच्या सीनियर विद्यार्थ्यांना कँटीनला घेऊन जा आणि विचारा की सर तुमची वही बघतात का. बघतात म्हणाले तर तोच गाइड.

माझे बघायचे. मी हट्टानं मामाच्या खाडीकाठच्या जमिनीवर काम घेतलं होतं. पहिल्याच खेपेला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून मातीत आलेला कार्बन, काढला. पद्धत जगभर चालते ती वॉकली आणि ब्लॅक यांची, १९३४ ची. मातीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि गंधकाम्ल टाकायचं, मातीतला कर्ब डायक्रोमेट खातो, उरलेलं डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटनं टायट्रेट करायचं, निळसर-जांभळा रंग एका थेंबात हिरवा होतो आणि त्या एका थेंबासाठी आयुष्य जातं. तर माझा कर्ब आला अडीच टक्क्यांच्या वर. मी खूश, म्हटलं मामाची जमीन म्हणजे सोनं, एवढा कर्ब सह्याद्रीच्या जंगलात मिळावा. धावत सरांकडे गेलो. सरांनी आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "माती चाखून बघितलीस का रे?"

खारट माती होती हो. खारात क्लोराइड असतं, आणि तेही डायक्रोमेट खातं, त्यामुळे कर्ब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. त्यावर उपाय पुस्तकात दिलेलाच आहे, आम्लात सिल्व्हर सल्फेट घालायचं म्हणजे क्लोराइड बाजूला बसतं. ते घालून परत केलं तर आकडा निम्म्याच्याही खाली आला. दोन महिन्यांचे सगळे नमुने पुन्हा. पण वहीत प्रत्येक नमुन्याची तारीख, जागा, ईसी (खारटपणा दाखवणारी विद्युतवाहकता) लिहिलेली होती म्हणून कुठला आकडा किती फुगला ते जोडून बघता आलं, आणि ती चूकच माझ्या थीसिसचा एक आख्खा चॅप्टर झाली. तेव्हापासून माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी सांगतो, चुकलेली रीडिंग खोडायची नाही, एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी कारण लिहायचं. व्हाइटनर दिसला की वही परत.

जाता जाता, ते डायक्रोमेटचं टाकाऊ पाणी बेसिनमध्ये ओतू नका, क्रोमियम विषारी असतं, कॅनमध्ये वेगळं साठवा. माती वाचवायची लॅब आणि तिच्याच नाल्यात क्रोमियम, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

विषय कुठून आणायचा, तर घराजवळून

ठाणे-नवी मुंबईत शेती कुठे आहे असं विचारणाऱ्यांनी ठाणे स्टेशनवरून पनवेलची लोकल पकडावी. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खारजमीन संशोधन केंद्र आहे, खारं सोसणाऱ्या भाताच्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या जाती तिथल्याच. दुसऱ्या बाजूला कर्जतची लोकल पकडा, तिथे भाताचं प्रादेशिक संशोधन केंद्र, कर्जत-३ आणि कर्जत-७ शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याला विचारा, त्याला माहीत असतात. आधी फोन किंवा अर्ज करून जा, आणि जाताना प्रश्न लिहून न्या, "फक्त बघायला आलो" म्हणू नका.

खारजमिनीतच किती प्रश्न पडलेत बघा. खारवट आणि चोपण यातला फरक बऱ्याच पदवीधरांना पण सांगता येत नाही. संपृक्त अर्काची ईसी ४ च्या वर गेली की जमीन खारवट, आणि चिकटून बसलेलं सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेलं की चोपण. चोपणला जिप्सम लागतं, कारण कॅल्शियम देऊन सोडियम हाकलायचं असतं. नुसत्या खारवटला जिप्सम टाकून पैसे वाया जातात, तिथे गोडं पाणी आणि निचरा लागतो, आणि आपल्याकडे ते काम पाऊस फुकट करतो, बांध आणि उघाडी (बांधातली पाणी सोडायची झडप) मात्र शाबूत पाहिजे. म्हणून आपल्या खाडीकाठी पावसाळ्यात भात होतो आणि मार्चमध्ये त्याच शेतात पांढरी साय चढते. हेच सांगली-कोल्हापूरकडे गेलं की वेगळं, तिथे खार समुद्रानं आणलेला नाही, उसाला जास्त पाणी दिल्यानं वर आलाय.

रेल्वे रुळाच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पिकणारी पालेभाजी रोज लोकलमधून दिसते ना, त्यात जड धातू किती उतरतात हा पण आपलाच विषय. ठाणे-बेलापूर पट्ट्याची केमिकल इंडस्ट्री, तळोजा, ठाण्याची खाडी, सगळं हाताशी आहे. फक्त धातूंच्या कामाला एएएस नाहीतर आयसीपी मशीन लागतं, ते विभागात चालू स्थितीत आहे का ते सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहायच्या आधी बघा. 'आहे' आणि 'चालू आहे' यात कधी कधी दोन वर्षांचं अंतर असतं.

आणि ज्यांना वाटतं की मातीच्या केमिस्ट्रीतून शेतकऱ्याच्या हातात काय पडतं, त्यांनी चारसूत्री भात वाचावी, डॉ. एन. के. सावंत यांच्या नावानं ओळखली जाते. त्यातलं एक सूत्र म्हणजे युरिया-डीएपीच्या गोळ्या, रोपांच्या चार चुडांच्या (जुड्यांच्या) मधोमध चिखलात सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायच्या. कारण साधं रसायनशास्त्र. भाताच्या पाण्यावर युरिया फेकला तर काही अमोनिया होऊन उडतो, काही नायट्रेट होऊन खालच्या हवा नसलेल्या थरात वायू बनून जातो. गोळी सरळ त्या खालच्या थरात ठेवली की नत्र अमोनियमच्या रूपात धरून राहतो आणि मुळांना हळूहळू मिळतो. म्हातारी बाई गोळ्या खोचत जाते, तिला डिनायट्रिफिकेशन हा शब्द माहीत नसतो आणि काही अडत नाही.

पीएचडी आणि नेट

पीएचडी कागदावर तीन वर्षं, खरी चार धरा. कोर्सवर्क, प्रिलिम, सिनॉप्सिस, दोन हंगामांचे प्रयोग, थीसिस. हंगाम चुकला की वर्ष गेलं, भात काही तुमच्या सेमिनारसाठी थांबत नाही, म्हणून सिनॉप्सिस मंजूर करून घेणं हे मे महिन्याच्या आतलं काम. नागपूरची मृद सर्वेक्षण संस्था, भोपाळची मृदविज्ञान संस्था, खारजमिनीसाठी कर्नाल, बारामतीची अजैविक ताणाची संस्था, यातल्या एका ठिकाणी तरी महिना-दोन महिने काम करून या.

नेट म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, आमच्याकडे ती दिल्लीच्या एएसआरबीची (कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची), साधी यूजीसीची नाही, यात ठाण्याची पोरं नेहमी गोंधळतात. दीडशे प्रश्न, दोन तास, चुकलं की एक तृतीयांश मार्क वजा. खुल्या गटाला ५० टक्के लागतात. एमएस्सी झाली की लगेच काढून टाका, नंतर पीएचडीच्या चिखलात अभ्यास होत नाही. त्याच बोर्डाची एआरएस (कृषी संशोधन सेवा) निवड वेगळी, ती निघाली तर आयसीएआरमध्ये थेट शास्त्रज्ञ.

मुलाखतीत हमखास येणारा एक प्रश्न फुकट देतो. कोकणच्या मातीत उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) कुठल्या पद्धतीनं काढाल? पोरं झोपेत 'ओल्सेन' म्हणतात, कारण बाकी महाराष्ट्रात तेच चालतं. ओल्सेनचा बायकार्बोनेट अर्क साडेआठ सामूचा (पीएचचा), चुनखडीच्या काळ्या जमिनीला तो बरोबर. जांभी जमीन आम्लधर्मी, तिथे स्फुरद लोह आणि अ‍ॅल्युमिनियमनं घट्ट पकडलेला असतो, म्हणून ब्रे पद्धत, त्यातलं फ्लोराइड अ‍ॅल्युमिनियमला धरतं आणि स्फुरद सुटतो. आणि उलट ब्रे काळ्या जमिनीत वापरली तर तिचं आम्ल चुनखडीच खाऊन टाकते. एवढं कारणासकट सांगितलंत तर समोरचे तिघं मान वर करून बघतात, मी त्या खुर्चीत बसलोय, मला माहीत आहे.

नोकरी लागेपर्यंत

हा भाग कोणी सांगत नाही. सरकारी भरती वर्षानुवर्षं निघत नाही आणि निघाली तर कोर्टात अडकते. मधली वर्षं काढायची कशी ते आधी ठरवा. प्रोजेक्टवर एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो), कृषी विज्ञान केंद्रात विषय विशेषज्ञ, खाजगी कॉलेजात तासिका, खत कंपनीत फील्डची नोकरी, आणि बरीच पोरं कंटाळून एमपीएससीची कृषी सेवा देतात, त्यात काही कमीपणा नाही. विद्यापीठातच कनिष्ठ संशोधन सहायक, वरिष्ठ संशोधन सहायक अशा खालच्या जागा असतात, तिथून वर चढलेले खूप प्रोफेसर आहेत. कमी पगार आणि जास्त ऊन, पण प्रयोग तुमच्या हातात राहतो.

मी एका खाजगी कॉलेजात अडीच वर्षं काढली, सहीचा पगार एक आणि हातात पडणारा दुसरा. तिथून एकच गोष्ट सांभाळून आणली, अनुभवाचा दाखला, मंजूर पदाच्या उल्लेखासकट आणि तारखांसकट. तो नीट नसेल तर ती वर्षं पुढे धरली जात नाहीत.

फाइल

सहायक प्राध्यापक झालात की लेव्हल १०, मूळ पगार ५७,७०० पासून. पुढे यूजीसीच्या २०१८ च्या नियमांच्या धर्तीवर पीएचडीवाल्याला चार वर्षांनी लेव्हल ११, त्यानंतर पाच वर्षांनी १२, मग तीन वर्षांनी १३अ म्हणजे सहयोगी प्राध्यापक, मूळ १,३१,४००, आणि आणखी तीन वर्षांनी लेव्हल १४, प्राध्यापक, १,४४,२००. बेरीज केली तर पंधरा वर्षं होतात. प्रत्यक्षात पंधरात कोणी झालेला मी बघितलेला नाही, कारण प्रत्येक पायरीला फाइल लागते, आणि फाइल म्हणजे उजळणी वर्गाची सर्टिफिकेटं, पेपर, शिकवलेल्या क्रेडिटचा हिशोब, घेतलेले विद्यार्थी.

माझं एक प्रमोशन पावणेदोन वर्षं लटकलं. कारण काय तर २१ दिवसांच्या ट्रेनिंगच्या सर्टिफिकेटवर 'पासून' होतं, 'पर्यंत'ची तारीख छापायची राहिली होती. ज्या संस्थेनं दिलं तिथला क्लार्क रिटायर, नवा म्हणतो रेकॉर्ड नाही. शेवटी माझ्या डायरीत त्या २१ दिवसांच्या नोंदी आणि जेवणाच्या कुपनांची पावती सापडली, ती लावून पत्र मिळवलं. मातीच्या नमुन्याला तारीख टाकायची सवय असलेला माणूस स्वतःच्या कागदाला विसरतो, काय बोलणार. सर्टिफिकेट हातात पडलं की तिथेच उभं राहून वाचा, ट्रेन सुटली तरी चालेल.

पेपर कुठे द्यायचा तर नास (राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी) रेटिंग बघून, कृषीवाल्यांची ती मोजपट्टी आहे, जर्नलची यादी दर वर्षी येते. पैसे घेऊन चार दिवसांत छापणारी जर्नलं टाळा, पॅनेलवर बसलेल्या लोकांना नावं पाठ असतात. पण महाराष्ट्रात पेपरपेक्षाही वजनदार गोष्ट म्हणजे शिफारस. दर वर्षी चारही विद्यापीठांची एकत्र बैठक होते, संयुक्त अ‍ॅग्रेस्को, आमच्यात जॉइंट अ‍ॅग्रेस्को म्हणतात. तिथे तुम्ही तीन-तीन वर्षांचा डेटा घेऊन उभं राहायचं आणि म्हणायचं की अमुक जमिनीत अमुक पिकाला इतकं खत, शेतकऱ्याला सांगा. समोर राहुरी, अकोला, परभणीचे लोक बसलेले, आणि ते फाडतात. "तिसऱ्या वर्षी उत्पादन का पडलं?" "नफा-खर्च गुणोत्तर कुठाय?" पास झाली तर ती ओळ शेतकऱ्यांच्या पुस्तिकेत जाते, तुमच्या नावाशिवाय. पहिल्या वेळी माझी परत पाठवली, आणखी एक वर्षाचा डेटा आणा म्हणून. रडू आलं होतं. दुसऱ्या वेळी तोच प्रश्न विचारणाऱ्यानेच अनुमोदन दिलं.

बदली होते, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. सहायक प्राध्यापक म्हणजे कॉलेजात शिकवणं असं नसतं, आज वर्गात, उद्या संशोधन केंद्रावर, परवा विस्तार विभागात मेळाव्यात स्टॉल लावायला. ठाण्यात फ्लॅट आणि नोकरी दापोलीला, असं माझं आठ वर्षं चाललं, शुक्रवारी रात्रीची गाडी, रविवारी परत. बायकोची नोकरी वाशीत होती म्हणून ती आली नाही, आणि तेच बरोबर होतं. इथेही एक जमीन धरल्याचा फायदा झाला, कुठेही बदली झाली तरी उन्हाळ्यात मामाच्या शेताचे नमुने माझ्याकडे येतच राहिले, मामेभाऊ काढून पाठवायचा. आता त्या शेताच्या निम्म्या भागावर भराव पडलाय आणि कडेला चाळी उठल्यात, उरलेल्या निम्म्याचे नमुने अजून घेतो.

तर ज्यांना खरंच यायचंय त्यांनी सीईटीच्या क्लासची फी भरायच्या आधी एक शनिवार काढा. शहापूर, मुरबाड, दिवा-शीळ, उरण, कुठेही ओळखीचं शेत गाठा. बांध, झाडाची सावली, शेणाचा ढीग, विहिरीची कड सोडून आठ-दहा ठिकाणी फावड्यानं इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या, वीतभर खोल, कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडा. घमेल्यात एकत्र करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन फेका, परत चार, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा, उन्हात नको. कापडी पिशवीत भरा, चिठ्ठी आत एक आणि बाहेर एक, त्यावर गाव, शेतकरी, पीक आणि तारीख, आणि लिहायचं पेन्सिलनं, पेनची शाई ओलीत पसरते. ती पिशवी घेऊन या माझ्याकडे, रविवारी सकाळी दहानंतर, आधी येऊ नका, मी झोपलेला असतो.